मंजुळाबाईचं बियाणं

माझ्या नोकरीच्या तेहतीस वर्षांत मला दोनच प्रशस्तिपत्रं मिळाली. पहिलं अल्पबचतीचं, ते त्या काळी ज्याला त्याला मिळायचं. दुसरं संकरित ज्वारीच्या प्रात्यक्षिकाचं. ते मी हौसेनं चौकटीत बसवून भिंतीवर लावलं आणि वर्षभरात उतरवून ट्रंकेच्या तळाशी घातलं. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं, काच तडकली. काच चांगली शाबूत होती. त्या कागदावर माझं नाव आहे, गावाचं नाव आहे, एकरी उताऱ्याचा आकडा आहे. ज्या बाईच्या वावरात ती ज्वारी पिकली तिचं नाव कुठेच नाही. तिचं नाव मंजुळाबाई. ती आता नाही, आणि मी तिच्याशी खोटं बोललो आहे. ते एकदा लिहून टाकतो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी देऊळगाव राजाचा, चोवीस वर्षांचा, नवाकोरा ग्रामसेवक. नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी निंबखेडी नावाच्या गावात. माझी बोली ऐकून तिथले लोक हसत आणि त्यांची ऐकून मी. देशात धान्याची ओढ होती, जहाजांनी गहू येत होता. सरकारनं ठरवलं होतं की शेतकऱ्याला नवं बियाणं द्यायचं, खत द्यायचं आणि ते वापरायचं कसं हे शिकवायला गावोगाव माणूस बसवायचा. निंबखेडीतला तो माणूस म्हणजे मी. आजही कुणी उठून त्या योजनेला सरसकट शिव्या घालतो तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या पोत्यांमागे कुणाची तरी खरी कळकळ होती आणि पुढे त्या बियाण्यानं पुष्कळ घरांत पोटभर भाकरी गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खोट होती ती माझ्यात. मला सगळं येतं असं मला वाटत होतं.

प्रात्यक्षिकाला एक एकर हवं होतं. बियाणं फुकट, खत फुकट, तरी कुणी पुढे येईना. शेवटी सरपंच म्हणाले, "सायेब, पह्यले मंजुळाबाईले इचारा. तिनं पेरलं तं गाव पेरते."

मला वाटलं, कुणी मोठी जमीनवाली असेल. जाऊन पाहतो तर सहा एकरांची विधवा बाई, अंगणात बसून गोवऱ्या थापत होती. शेषराव हा तिचा एकुलता मुलगा, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. सून सिंधू मला पाणी द्यायला आत गेली तेव्हा माझी नजर स्वयंपाकघरात गेली. चुलीच्या वर आढ्याला ज्वारीच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या, धुरानं काळ्याकुट्ट. ते गावाचं बी होतं. धूर लागला की कीड लागत नाही. मंजुळाबाईच्या सासूच्या सासूपासून हे काम त्या घराकडे होतं. पेरणीच्या तोंडावर ज्याच्या घरचं बी सरलं, भिजलं, उंदरांनी खाल्लं, तो तिच्या दारात यायचा. पिशवी आणायची नाही. बाईनं पदरात न्यायचं, पुरुषानं धोतराच्या सोग्यात. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, आणि बी विकायचं नाही. पीक आलं की नेलं त्याहून मूठभर जास्त आणून टाकायचं. त्या ज्वारीला नाव नव्हतं. निंबखेडीत तिला 'आपली ज्वारी' म्हणत आणि शेजारच्या गावांत 'मंजुळाबाईची'. माझ्या फॉर्मात जातीच्या नावाचा रकाना होता. मी त्यात 'स्थानिक' असं लिहून मोकळा झालो.

"तुमचं बी कोनाच्या घरचं हाय?" हा तिचा मला पहिला प्रश्न.

"सरकारचं आहे," मी म्हणालो.

"सरकारच्या घरी राखते कोन?"

मला हसू आलं. मग मी तिला संकर म्हणजे काय, उतारा म्हणजे काय, हे सगळं पुस्तकातल्या भाषेत ऐकवलं. तिच्या हातावरचं शेण वाळत होतं, तरी ती उठली नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, "इतक्या दुरून सांगाले आले तुमी. नाही कसं म्हनाव? नाल्याकडचं एक एकर घ्या."

ज्वारी उगवली, वाढली आणि छातीएवढी होऊन थांबली. गावरान ज्वारीत हत्ती लपेल, आणि ही अशी बुटकी. बांधालगतचा शकूर रोज थट्टा करायचा, "याले कडबा कुठी हाय, सायेब? बैलं काय तुमचं खत खातीन?" पण नवरात्रात कणसं भरली तेव्हा शकूरही गप्प झाला. मुठीत मावणार नाही असं एकेक कणीस. त्याच आठवड्यात जीपमधून वरचे साहेब पाहणीला आले. वावरात शे-दोनशे कणसांच्या देठांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. साहेबांनी विचारलं, हे काय?

"नजर लागू नये म्हणून, साहेब," मी झटकन सांगितलं. "अडाणी माणसं."

साहेब हसले. मीही हसलो. मंजुळाबाई डोक्यावरून पदर घेऊन दोन पावलांवर उभी होती. तिनं ऐकलं आणि खाली पाहिलं.

आमच्या देऊळगावाकडे बी निवडतात ते खळ्यावर, मळणीच्या वेळी. निंबखेडीत ते उभ्या पिकात निवडत. बाईनं उपास धरायचा, अनवाणी सगळं वावर हिंडायचं, ज्वारीचं जे ताट, म्हणजे धाट, वाऱ्यानं लवलं नाही आणि ज्याचं कणीस गच्च भरलं त्याला चिंधी बांधायची. कापणाऱ्यांनी चिंधीला हात लावायचा नाही. ते कणीस तिनंच खुडून घरी आढ्याला टांगायचं. हे मला वर्षभरानं कळलं. त्या दिवशी "बाई, ही चिंधी कशाला?" एवढं विचारलं असतं, तर तिथल्या तिथे सांगता आलं असतं की या ज्वारीचं बी धरता येत नाही, दुसऱ्या वर्षी ती बिघडते, दर वर्षी नवं घ्यावं लागतं. तसं मी सभेत सांगितलंही होतं, छापील कागदावरून वाचून, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. सरकार देईल तर नवंही घेऊ, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला. भरलेलं कणीस बियाण्याला चालत नाही, ही गोष्ट त्या गावात कुणाच्या स्वप्नातही आली नसती.

एका एकरात चार एकरांची ज्वारी निघाली. भाकरी काही चांगली होत नव्हती. शेवटच्या पावसानं दाणा काळवंडला होता आणि भाकर तासाभरात वातड व्हायची. पण उतारा पाहून गाव वेडं झालं. सगळ्यांनी पुढच्या हंगामासाठी माझ्याकडे नावं नोंदवली. मी घरोघर जाऊन सांगितलं, नवं बियाणं येतंय, घरात ठेवलेलं जुनं बी दळून खाऊन टाका, जागा मोकळी करा. उंदीर पोसू नका, असंही वर म्हणालो. लोकांनी ऐकलं. मंजुळाबाईनं मात्र आढ्यावरच्या जुड्यांना हात लावला नाही. तिनं नव्या जुड्या जुन्यांच्या शेजारी टांगल्या.

ज्येष्ठात माझं लग्न ठरलं. रजा घेऊन मी देऊळगाव राजाला गेलो आणि रजा आठ दिवस वाढवली. नवरदेवाला काय घाई असते? इकडे वरून बियाणं आलंच नाही. कुठे अडलं ते आजपर्यंत मला कुणी सांगितलं नाही. पाऊस मात्र वेळेवर आला, आणि जमिनीतली ओल कुणासाठी थांबत नाही. गाव मंजुळाबाईच्या दारात गेलं. तिनं लोकांना गावरान बी दाखवलं. लोक म्हणाले, ते नको, सरकारी दे, तुझ्या वावरात पिकलेलं. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. चिंधीची कणसं पुरली नाहीत तेव्हा तिनं पोत्यातलं दिलं. स्वतःच्या सहाही एकरांत तेच पेरलं. मी अंगाला हळद घेऊन परत आलो तेव्हा शिवार पेरून झालं होतं आणि लोक खुशीत होते. मीही खुशीत होतो. मला वाटलं, चला, एक काम वाचलं.

महिन्याभरात माझी झोप उडाली. एक ताट गुडघ्याएवढं, शेजारचं डोक्याच्या वर. कुठे पोंगा, म्हणजे मधला कोंबच, मेलेला, कुठे कणीस नुसतं फुसकं. त्यातच भाद्रपदात पाऊस गेला तो गेलाच. नवरात्रात मंजुळाबाई उपाशी पोटी चिंध्या घेऊन वावरात गेली. मी बांधावर उभा होतो. ती सगळं वावर हिंडली आणि हातातल्या सगळ्या चिंध्या तशाच घेऊन परत आली. माझ्याजवळ थांबून म्हणाली, "यंदा एकही नाही सापडलं." तेव्हा मला चिंध्यांचा अर्थ कळला. मी तिला सगळं सांगितलं, उशिरा का होईना. साहेबांसमोर तुम्ही मला का नाही खोडून काढलं, असं मी तिलाच विचारलं. अजून लाज वाटते त्या प्रश्नाची.

"तू नवा होता," ती म्हणाली. "सायबासमोर तुह्यं हसू झालं असतं, बाबू."

तोवर ती मला अहो-जाहो करत होती. त्या दिवसापासून मी बाबू झालो.

त्या वर्षी दिवाळीतच घराघरांतली ज्वारी सरली. मार्गशीर्षात शकूरची बायको अमीरबी तिच्याकडे आली. दोन लहान लेकरं, घरात दाणा नाही. दारात उभी राहिली, पण तोंड उघडेना. बियाणं खायला मागायचं कसं? मंजुळाबाईनं तिला आत घेतलं, शिडी लावली, आणि गावरान ज्वारीची पहिली जुडी खाली काढली. शेषराव आडवा आला. "माय, बी हाय ते! पुढच्या सालाले काय पेरशीन?"

"अन् लेकरंच नाही राह्यले तं पेरू कोनासाठी?" ती म्हणाली.

मग ज्या ज्या घरात लहान मूल होतं त्या त्या घरी जुड्या गेल्या. जात्यावर गावाचं बी दळलं गेलं. पौषात शेवटची जुडी गेली. माघात सरकारी गहू आला, लाल, जाडाभरडा, पण पोटभर. दुष्काळी कामं निघाली, रस्त्याची खडी फोडून लोकांच्या हाताला काम मिळालं. सरकार आलं. मी ते नाकारत नाही. ते महिनाभर आधी आलं असतं तर दोन-तीन जुड्या आढ्याला राहिल्या असत्या, एवढंच माझं म्हणणं आहे. शेजारच्या गावांतही चौकशी केली. तिथेही मंजुळाबाईची ज्वारी कुणाकडे उरली नव्हती. त्यांनाही माझ्यासारखाच कुणीतरी भेटला असणार.

पुढच्या वर्षी बियाणं वेळेवर आलं, भरपूर आलं, आणि पाऊसही बरा झाला. मी चावडीत बसून वाटप केलं. रांगेत मंजुळाबाईही होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं सवयीनं पदर पुढे केला. मी म्हणालो, "माय, पिशवी आहे, शिवलेली. पदर नको. इथे अंगठा करा." तिनं अंगठा केला, पिशवी उचलली आणि पदर नीट खोचून घेतला. त्याच वर्षी मला त्या पहिल्या प्रात्यक्षिकाचं प्रशस्तिपत्र मिळालं. गावात तिला कुणी बोल लावला नाही, उलट लोक तिला हात जोडत. फक्त तिच्या दारात बी मागायला कुणी येईना. पेरणीचे दिवस आले की ती उंबऱ्यावर बसून राहायची. लोक समोरून पिशव्या घेऊन जायचे, रामराम करायचे, पुढे जायचे. ते पाहवलं नाही मला. अशाच एका संध्याकाळी घरी जाऊन मी भिंतीवरची चौकट उतरवली.

माझी बदली झाली. आठेक वर्षांनी मी शेगावला विस्तार अधिकारी होतो. एका गुरुवारी मंजुळाबाई आणि सिंधू महाराजांच्या दर्शनाला आल्या आणि पत्ता काढत माझ्या कचेरीत आल्या. म्हातारी वाकली होती. तिनं पदराची गाठ सोडली. आत एक कणीस होतं, काजळी धरलेलं, अर्धं पोखरलेलं. घरावर टिनाचे पत्रे घालायला शेषरावानं जुनं आढं काढलं, तेव्हा वाशाच्या खोबणीत अडकलेलं हे एक कणीस सापडलं होतं.

"आपली हाय," ती म्हणाली. "म्या दहा दाने पेरून पाह्यले, नाही आले. पन सरकारपाशी मोठमोठे शिकलेले मानसं असतात म्हन्ते. एक दाना उगवला तरी लई झाला, बाबू. मरायच्या आंधी गावाचं गावाले वापस देऊन जाऊ."

मी ते कणीस कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. सोबत लांबलचक पत्र लिहिलं. सरकारी पत्रात लिहू नयेत अशा गोष्टीही लिहिल्या. तिथल्या माणसांनी मनापासून प्रयत्न केले. तीन वेळा भिजवले, तीन वेळा वाट पाहिली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: शंभर दाणे तपासले, उगवण शून्य.

ते पत्र मी आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. ते तिला वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. मग देऊळगाव राजाच्या बाजारात गेलो, पांढरी, टपोरी, गावरान ज्वारी शोधली, तिच्या ज्वारीसारखी दिसणारी, आणि ओंजळभर घेतली. कार्ड टाकलं की बी उगवलं, घेऊन येतो. मृगाच्या आधी निंबखेडीत पोचलो. मंजुळाबाई न्हाऊन-धुऊन, धुवट लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती. विहिरीजवळची चार हात जमीन तिनं स्वतः खणून, भुसभुशीत करून ठेवली होती. मी पुडी पुढे केली. तिनं पदरात घेतली, चिमूटभर तळहातावर पसरली, बोटानं फिरवली, एक दाणा दातात धरून फोडला. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "आपलीच हाय."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्या दिवशी मी तिच्याकडे दोन भाकरी जास्त जेवलो.

कार्तिकात पाहायला गेलो. ज्वारी पुरुषभर उंच वाढली होती, कणसं भरली होती आणि त्यांवर चिमण्यांचा थवा बसला होता. त्यांना कुणी हाकलत नव्हतं. एकाही कणसाला चिंधी नव्हती.

"खुणा नाही केल्या, माय?"

"हात नाही पोचत आता," ती म्हणाली. मी ते खरं मानलं. मला ते खरं मानायचं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा निरोप आला: पाखरांनी सगळी खाल्ली, तिकडे असेल तर मूठभर आण. मी आनंदानं पुन्हा नेली. कार्तिकात पुन्हा पाहायला गेलो, पुन्हा पोटभर कौतुक केलं. त्याही वर्षी पाखरांनीच खाल्ली. तिसऱ्या वर्षीही तेच.

त्या माघात ती गेली. तेराव्याला मी निंबखेडीत गेलो. जेवणं आटोपल्यावर सिंधूनं एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आत चिंध्या होत्या. जुन्या निळ्या लुगड्याच्या, सारख्या फाडलेल्या, नीट घडी करून ठेवलेल्या.

"तुमचं कार्ड आलं, त्याच दिशी बसून फाडल्या त्याईनं," सिंधू म्हणाली. "म्हने, बी येऊन राह्यलं घरी."

"मग बांधल्या का नाहीत?" मी विचारलं. "हात पोचत नव्हता तर तुला सांगायचं होतं."

सिंधूनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "दातात दाना धरला अन् त्याईले समजलं. तुमी गेल्यावर मले म्हने, हे आपली नोहे, सिंधू. पन त्याले सांगू नोको. लई दुरून घेऊन आलं लेकरू."

मी म्हणालो, "मग तीन तीन वर्षं पेरली कशाला?"

"तुमी पाह्याले येनार होते म्हनून."